धरणाच्या तळाचा हिशेब

जायकवाडीसाठी नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) व नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावे की नाही, हा वाद जुना आहे. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ठरलेलेच होते. ज्या टीएमसीसाठी हा संघर्ष चालतो, ते मोजले कसे जातात याची चौकशी मात्र क्वचितच होते.

धरणात प्रत्यक्ष मोजली जाते ती पातळी. त्या पातळीला पाणी किती, हे तक्त्यावरून काढले जाते. तो तक्ता मूलतः धरणापूर्वीच्या भूमापनावर आधारलेला असतो व फेरमोजणी झाली तरच बदलतो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे, मुळा धरण १९७० च्या दशकातले. गाळासाठी मृत साठा राखलेला असतो खरा. परंतु गाळ काही आराखडा पाहून बसत नाही. नदी जलाशयात शिरताच मंदावते आणि जाड वाळू तेथेच, उपयुक्त साठ्याच्या जागेत टाकते. बारीक माती तेवढी भिंतीकडे जाते.

हा बदल उपग्रहाला पाण्याखाली दिसत नाही. त्यासाठी समुद्रतळाची वाळू शोधणारे ध्वनियंत्रच होडीवर बसवावे लागते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. प्रतिध्वनीस लागणाऱ्या वेळावरून खोली निघते. उच्च कंप्रतेचा ध्वनी मऊ चिखलावरूनच परततो, नीच कंप्रतेचा खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेला जलाशयांतील गाळाचे सर्वेक्षण नवे नाही. तेव्हा ज्ञानाचा अभाव ही सबब चालणार नाही.

मेंढेगिरी समितीच्या शिफारशींवरून २०१४ च्या आदेशाने जायकवाडीच्या ६५ टक्के उपयुक्त साठ्याची मर्यादा ठरविली. हा साठा मूळ आराखड्यानुसार ७६.६५ टीएमसी, म्हणजे एका टक्क्याची चूकही पाऊण टीएमसीची. जायकवाडीचा तक्ता शिळा असेल तर नसलेले पाणी आहे असे दिसून मराठवाड्याचे नुकसान होते. मुळेचा शिळा असेल तर राहुरी-नेवाशाच्या शेतकऱ्याकडून नसलेल्या पाण्याच्या हिशेबाने वाटा मागितला जातो. एकाच बाजूची फेरमोजणी त्यामुळे अन्यायच वाढवील. खोऱ्यातील सर्व मोठ्या जलाशयांचे सर्वेक्षण एकाच हंगामात, एकाच पद्धतीने व्हावे आणि सुधारित तक्ते ऑक्टोबरच्या मध्यास होणाऱ्या साठ्याच्या हिशेबापूर्वी दोन्हीकडच्या लाभधारकांपुढे ठेवावेत.