सोन्याचे कण आणि मालकीचा प्रश्न

निवृत्तीनंतर मी लोधिवलीस राहतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे, खालापूर तालुक्यातले हे गाव. एका अंगास पाताळगंगेचे कारखाने, दुसऱ्या अंगास डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. अशाच एका वाडीतल्या मजुराच्या गालात गेल्या वर्षी आतून चट्टा उठला. रोज बुडू नये म्हणून त्याने चार महिने कळ काढली. निदान झाले तेव्हा गाठ मानेत उतरली होती. त्याच्या मुलाने कोठेतरी वाचले, की सोन्याचे सूक्ष्म कण शरीरात सोडून आणि त्यांवर प्रकाश टाकून कर्करोगाची गाठ जाळता येते. तो मजूर मला म्हणाला, "सर, सोन्याची दवा म्हणजे ती काय आमच्यासाठी नाय, येवढं कळतं मला."

या वाक्याला मला उत्तर देता आले नाही. शास्त्राचा आधार घेऊन काही सांगता आले असते. परंतु ज्या विषयाचे अध्यापन करण्यात माझे आयुष्य गेले, त्या अर्थशास्त्राकडे त्याचे समाधान करण्याजोगे काही नव्हते.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दीडशे नॅनोमीटरच्या आतबाहेरच्या सुवर्णकणांना विशिष्ट आकार दिला, की ते तांबड्या रंगापलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश शोषून घेतात आणि त्याची उष्णता करतात. नेमका हाच प्रकाश मांसातून काही अंतरापर्यंत फारसा न अडता जातो. कण गाठीत साठले आणि वरून लेसरचा झोत टाकला, की ते तापतात. गाठीतल्या पेशी मरतात, भोवतालच्या बऱ्याच अंशी वाचतात. अमेरिकेत राइस विद्यापीठातील नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या संशोधनातून हा मार्ग निघाला. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवरील प्रयोगाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतरच्या तपासणीत ८७.५ टक्के रुग्णांच्या उपचार केलेल्या भागात कर्करोग आढळला नाही.

आपणही या कामात मागे नाही. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्राचे खारघर येथील संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. सोने शरीरात साचून राहते, ही या उपचारावरची मोठी शंका. या मंडळींनी मेदद्रव्याच्या सूक्ष्म पुटिकेवर सोन्याचा मुलामा चढविला. काम झाल्यावर ती विघटित होते आणि उरलेले ५ ते ८ नॅनोमीटरचे कण यकृत व मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जातात. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे विसरून चालणार नाही. परंतु खारघर आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि पवईची प्रयोगशाळा काय किंवा खारघरची काय, दोन्ही उभ्या आहेत त्या जनतेच्या पैशावर.

उपचाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दहा वर्षांतील शोधनिबंधांची छाननी करून टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की टोचलेल्या सूक्ष्मकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे सर्वसाधारणपणे अवघे ०.७ टक्के असतात. प्रकाशही शरीरात फार खोल जात नाही. म्हणजे हे शस्त्र चालायचे ते प्रामुख्याने प्रकाश जेथे पोचू शकतो तेथे, आणि तेही गाठ लहान असताना. तोंड ही अशीच जागा. आणि भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक नवे कर्करुग्ण आढळतात आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने मरतात.

येथे माझे काही समाजवादी मित्रच मला अडवतात. ते म्हणतात, गरिबाला सोन्याचे कण कशाला? टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये जो प्रयोग केला, त्यात साध्या प्रशिक्षित कार्यकर्तींनी व्हिनेगर वापरून तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मग पैसा तिकडे का वळवू नये? मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. ज्याच्या तोंडात गाठ आलीच आहे, त्याला प्रतिबंधाचे व्याख्यान देऊन परत पाठविता येत नाही. गरिबांसाठी तपासणी आणि श्रीमंतांसाठी उपचार, अशी वाटणी आपण मान्य केली तर विज्ञानातही आपण वर्णव्यवस्था आणली, असे म्हणावे लागेल. शिवाय हा उपचार लहान गाठीवरच चालणार असेल, तर ती लहान असतानाच सापडली पाहिजे. तेव्हा वाडीवाडीतली तपासणी ही या उपचाराची पहिली पायरी आहे. दोहोंत वैर लावण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप बाजारवाद्यांचा. ते म्हणतात, आधी शोध पुरा होऊ द्या, किंमत बाजार आपोआप उतरवील. बाजाराने आजवर काय केले ते पाहावे. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून निघालेल्या आदेशाने नॅटको या भारतीय कंपनीस सक्तीचा परवाना मिळाला आणि तेच औषध ८,८८० रुपयांत देण्याचे बंधन तिच्यावर आले. बाजाराने जे केले नाही ते पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमाने केले. परंतु औषधासाठी हे कलम देशात त्यानंतर पुन्हा वापरले गेले नाही. शस्त्र आहे, हात उचलत नाही.

सोराफेनिब परक्या कंपनीचे होते, असे कोणी म्हणेल. मग घरचे उदाहरण घेऊ. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून रक्ताच्या काही कर्करोगांवर नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धती तयार झाली. आयआयटीतच वाढलेल्या एका कंपनीकडे तिचे उत्पादन आहे. केंद्र सरकारच्या निधीचे साहाय्य त्या कामास होते. २०२३ साली तीस मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. शास्त्रज्ञांचे कर्तृत्व वादातीत आहे, आणि परदेशी किमतीच्या मानाने हा उपचार पुष्कळ स्वस्त आहे, हेही खरे. परंतु त्या वेळी सांगितली गेलेली किंमत ३० ते ४० लाखांच्या घरात होती, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे आहे. 'लोकार्पण' या शब्दातला 'लोक' कोणता, हे या दोन आकड्यांत शोधावे.

सोन्याच्या कणांचेही असेच होणार काय? कणांत सोने किती असते? अत्यल्प. किंमत फुगेल ती मक्तेदारीने, सोन्याने नव्हे. सार्वजनिक पैशातून निघालेल्या शोधाचा परवाना खासगी उद्योगास कोणत्या अटींवर द्यावा, याविषयीचे एक विधेयक २००८ साली राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. ते विधेयक निर्दोष होते असे नाही. पण परिणाम असा, की आज अटी बंद खोलीतल्या करारात ठरतात आणि करदात्याला त्यांचा पत्ता नसतो.

सरकारनेच कारखाना काढावा, असा भाबडा आग्रह मी धरणार नाही. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा शेजारच्या रसायनीतला प्रकल्प गुंडाळून त्याची जमीन विकण्याचा निर्णय केंद्राने २०१७ साली घेतला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक संस्थेतील शोधाचा परवाना एकाच कंपनीच्या दावणीस बांधू नये. बांधावाच लागला, तर त्याची मुदत आणि किंमत ठरविण्याचे सूत्र करारात लिहावे व करार प्रसिद्ध करावा. जन आरोग्य योजनेच्या आवाक्याबाहेर किंमत गेली, तर सरकारी उपयोगासाठी पेटंट वापरण्याचा पेटंट कायद्याच्या १०० व्या कलमातला अधिकार शासनाने बजावावा. माणसांवरचे प्रयोग सुरू होतील तेव्हा जिल्हा रुग्णालयांतले रुग्णही त्यांत असावेत आणि त्यांना प्रवासखर्चाबरोबर बुडालेली मजुरी मिळावी. आणि हे सारे होईतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक तंबाखू खाणाऱ्याला तोंड उघडायला सांगून एकदा नीट पाहिले जावे. त्याला लेसरही लागत नाही, सोनेही लागत नाही.

हे ठरविण्याची वेळ आज आहे, कारण उपचार अजून बाजारात आलेला नाही. एकदा करारावर सह्या झाल्या, की आपण निवेदने देत बसू.

आमचा तो मजूर शस्त्रक्रियेनंतर घरी आला आहे. त्याला नीट बोलता येत नाही. त्याने मला जे सांगितले होते, ते खोटे ठरविण्याची जबाबदारी त्याची नाही. ती, त्याच्या करातून शिकलेल्या तुमची-माझी आहे.