अद्भुतरम्य कादंबरी आणि शब्दसंपदेचे अध्यापन

लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांची पदव्युत्तर वर्गात बहुधा लवकर बोळवण केली जाते. कथानकाचा सारांश, वास्तवाशी फारकत घेतल्याचा ठपका आणि परीक्षोपयोगी चार वैशिष्ट्ये एवढ्यावर विषय संपतो. या वाङ्मयाचा एक दुसरा उपयोग मात्र संभवतो व काही अध्यापक तो करतातही. तो म्हणजे विद्यार्थ्यांची प्रगल्भ, संस्कृतप्रचुर शब्दसंपदा वाढविणे. हेतू स्तुत्य आहे. आक्षेप आहे तो पद्धतीवर.

सातारा व सांगली येथील महाविद्यालयांत माण, खटाव, जत, आटपाडी या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात आपली बोली उणी असल्याची जाणीव पक्की रुजलेली असते. त्यांच्या हाती कठीण शब्दांची यादी दिली की ही जाणीव अधिकच दृढ होते. शिवाय अशी यादी वर्तुळाकार असते : भीषण म्हणजे भयंकर, भयंकर म्हणजे भयानक, भयानक म्हणजे पुन्हा भीषण. विद्यार्थी तीन शब्द पाठ करतो आणि अर्थ मात्र एकच शिकतो.

वस्तुतः भयाचे वाङ्मय हे अर्थच्छटांच्या अभ्यासासाठी विशेष अनुकूल आहे. ‘भयाण’ हे विशेषण प्रामुख्याने स्थळाला आणि शांततेला शोभते, तर ‘भेसूर’ चेहऱ्याला किंवा आवाजाला. धास्ती पुढे घडणाऱ्या गोष्टीची असते; धसका घडून गेलेल्या गोष्टीचा घेतला जातो. दहशत बसविणारा कोणीतरी असावा लागतो, भीती मात्र एकट्या माणसालाही अंधारात वाटू शकते. धडकी भरते, गाळण उडते, दातखीळ बसते, आणि यांपैकी कोणतेही क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. हे भेद माणच्या विद्यार्थ्याला कोणी शिकविलेले नसतात; ते त्याला येतच असतात. अध्यापकाने तेथून आरंभ करून ‘भीषण’, ‘कराल’, ‘घोर’ यांच्याकडे जावे.

अद्भुतरम्य कादंबरीतील भुयाराचेही असेच आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणली गेली. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण. उघडल्यावर आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरू नये, असा दंडक. २००५ च्या महापुरात यांतील अनेक पेवे निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले खरे, परंतु साठवणीची ही रीत आता ओसरली आहे. ‘अमुक गोष्टीचे पेव फुटले’ असे वृत्तपत्रे नित्य लिहितात. त्या वाक्प्रचारामागील खड्डा किती वाचकांना दिसतो? हरिपूरच्या विद्यार्थ्याला तो दिसू शकतो, आणि भुयाराच्या काळोखाचे वर्णन वाचताना हे त्याचे भांडवल ठरते. साताऱ्याच्या विद्यार्थ्याला अजिंक्यताऱ्याच्या परिसरातून बुरूज, खंदक, देवडी, चोरवाट हे शब्द असेच आपसूक लाभतात. यांतील बुरूज आणि खंदक मूळचे अरबी, हे ध्यानात आले म्हणजे ‘प्रगल्भ म्हणजे संस्कृत’ हे समीकरणही तपासावे लागते.

इंग्रजी भयकादंबरीतील अग्रगण्य कृती, मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८), या संदर्भात उद्‌बोधक आहे. तिच्यातील निर्मित जीव एका झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपून भाषा शिकतो. प्रथम त्याला आग, दूध, भाकरी, लाकूड अशा वस्तूंची नावे उमगतात. चांगुलपणा, जिव्हाळा, दुःख यांचे शब्द कानी पडतात, पण कळत नाहीत. मिल्टन, प्लूटार्क आणि गटे यांचे ग्रंथ त्याच्या हाती येतात ते त्यानंतर. येथे साम्य केवळ शिकण्याच्या क्रमाचे आहे, हे सांगणे नलगे. वस्तूकडून भावाकडे आणि तेथून ग्रंथाकडे जाणारा हा क्रम आपल्या शब्दयाद्या नेमका उलटा करतात. त्या जीवाच्या अस्खलित वाणीचा स्वीकार एका अंध वृद्धाने क्षणभर केला. ज्यांना डोळे होते त्यांनी त्याला मारून हाकलले. उत्तम भाषा आली म्हणजे सर्व दारे उघडतील, हे आश्वासन विद्यार्थ्यांना देताना अध्यापकांनी म्हणूनच हात आखडता घ्यावा. मुलाखतीच्या खोलीत शब्दांखेरीज आडनाव आणि गावही ऐकले जाते.

साधनांची वाण नाही. मोल्सवर्थ यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे ‘मुक्तामाले’च्या चारच वर्षे आधीची. तीत संस्कृत व देशी शब्द शेजारी नांदतात, वाक्प्रचारांसह. ‘मुक्तामाले’चे एक पान, हा कोश आणि वर्गातील दहा गावांची बोली एवढे घेऊन दोन तासिका सहज भरतात. अभ्यासक्रम पुरा होणार नाही, अशी हरकत येईल. ती रास्त आहे. पण ज्या प्रश्नपत्रिकेत ‘अद्भुतरम्य कादंबरीची वैशिष्ट्ये लिहा’ हाच प्रश्न आलटून पालटून येतो, ती अध्यापकच काढतात.