नियम नुसता पाठ नको, कारणही सांगा

आपल्या रोहण्यात गाडीवर 'एमएच ३२' दिसलं की लहान मूलही सांगतं, ही वर्ध्याची गाडी. ही सुरुवात वर्ध्यासाठी राखीव आहे, दुसऱ्या जिल्ह्याला ती मिळत नाही. १९८९ साली प्रमाणित झालेल्या 'सी' या संगणक भाषेतही असंच आहे बरं का.

फंक्शनच्या नावाची सुरुवात 'एसटीआर', 'टीओ' किंवा 'आयएस' अशी असेल आणि पुढचं अक्षर स्मॉल लिपीतलं असेल, तर ते नाव भाषेच्या लायब्ररीसाठी राखीव. आता आपल्या मुलांनी इंग्रजी अक्षरांत 'स्त्री', 'टोळी', 'इसम' अशी नावं दिली तर? तिन्ही राखीव जागेत! कंपायलर बहुतेक वेळा हटकतही नाही. पण उद्या लायब्ररीत त्याच नावाचं फंक्शन आलं, तर चांगला चालणारा प्रोग्रॅम बिघडू शकतो.

म्हणून मराठी नावं बंद करायची का? मला तरी पटत नाही. 'टोळी'च्या आधी 'गाव' जोडलं की काम झालं. पण हा उपाय मुलाला तेव्हाच सुचेल, जेव्हा त्याला नियमामागचं कारण माहीत असेल. आपण पहिलीपासून "असं लिहू नको" एवढंच सांगून थांबतो. "का नको" हेही सांगू या.