तुकड्यातुकड्यांची नक्कल



मागच्या शनिवारी चौथीच्या वर्गात आम्ही एक खेळ खेळलो. जुन्या कॅलेंडरचे कोरे मागचे कागद चिकटवून लांब पट्टी केली. तिच्या दोन्ही कडांना अ, थ, ग, स ही चारच अक्षरं उलटसुलट लिहिली आणि तिची गुंडाळी करून फरशीवर ठेवली. पट्टीच्या एका बाजूला एक मुलगी बसली, समोर तोंड करून एक मुलगा. तिसऱ्यानं गुंडाळी हळूहळू उलगडायची आणि दोघांनी आपापल्या ओळीखाली जोडीदार अक्षर लिहायचं. अ-खाली थ, थ-खाली अ, ग-खाली स, स-खाली ग. अट एकच, लिहायचं डावीकडून उजवीकडे.

मुलीचं काम सोपं झालं. गुंडाळी तिच्या उजवीकडे उलगडत होती, ती लिहीत सुटली. मुलगा मात्र अडला. त्याची ओळ उलगडत होती डावीकडे, आणि लिहायचं उजवीकडे! वर्ग हसायला लागला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बाई, वीतभर उलगडू दे, मग लिहितो." वीतभर कागद मोकळा झाला की तो डाव्या टोकाला सुरुवात करायचा आणि आधीच्या तुकड्याला येऊन भिडायचा. पुन्हा नवी वीत, पुन्हा नवा तुकडा. शेवटी पाहिलं तर दोघांच्या ओळी पूर्ण!

मुलांनो, आत्ता या क्षणी तुमच्या शरीरात नेमकं हेच चाललं आहे.

एका पेशीच्या दोन पेशी होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. डीएनए म्हणजे एकमेकांना पिळा घातलेले दोन धागे. अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही त्यांची चार अक्षरं. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात अशा अक्षरांच्या सुमारे ३०० कोटी जोड्या असतात. नक्कल करणारे कामगार म्हणजे विकरं. हेलिकेज नावाचं विकर दप्तराची चेन उघडावी तसे दोन धागे सुटे करतं. पॉलिमरेज जोडीदार अक्षरं जोडत जातं. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. कोऱ्या जागेवर त्याला सुरुवातच करता येत नाही, म्हणून प्रायमेज नावाचं विकर आधी आरएनएचा छोटासा तुकडा लिहून देतं. दुसरी अडचण आपल्या मुलासारखीच. पॉलिमरेजला एकाच दिशेनं लिहिता येतं आणि डीएनएचे दोन धागे तर एकमेकांच्या उलट दिशेचे!

मग दुसऱ्या धाग्याची नक्कल होते कशी? याचं उत्तर जपानच्या नागोया विद्यापीठातल्या रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या नवरा-बायकोनं शोधलं. त्यांनी जिवाणूंना किरणोत्सर्गी खूण केलेला थायमिनचा कच्चा माल अगदी काही सेकंदच दिला. खूण सापडली ती डीएनएच्या छोट्या तुकड्यांत. जरा जास्त वेळ थांबल्यावर मात्र तीच खूण लांब धाग्यांत दिसली. म्हणजे आधी तुकडे होतात, मग ते जोडले जातात! १९६८ साली हे जगापुढे आलं. या तुकड्यांना आज 'ओकाझाकी तुकडे' म्हणतात. जिवाणूंमध्ये असा एक तुकडा साधारण १००० ते २००० अक्षरांचा असतो. त्यातला आरएनए काढून तिथे डीएनए भरला जातो आणि लायगेज नावाचं विकर सांधे पक्के जोडतं.

आता एक गोष्ट सांगते, ती मला सांगावीशीच वाटते. रेजी ओकाझाकी हिरोशिमाचे. ६ ऑगस्ट १९४५ ला तिथे अणुबॉम्ब पडला तेव्हा ते अवघे १४ वर्षांचे होते, तुमच्या ताई-दादाएवढे. ते वाचले, पण किरणोत्सर्ग त्यांच्या अंगावर आला होता. किरणोत्सर्गानं डीएनएला इजा होते, आणि इजा झालेल्या पेशी कधीकधी वेड्यावाकड्या वाढू लागतात. रेजींना पुढे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला आणि १९७५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी ते गेले. ज्या डीएनएचं कोडं त्यांनी सोडवलं, त्यावरच घाव घालणाऱ्या बॉम्बच्या गावचा हा मुलगा!

काम मात्र थांबलं नाही. तुकड्यांच्या सुरुवातीला आरएनए असतो, हे दाखवण्याचं काम त्सुनेकोबाईंनी पुढे नेलं. २०२१ साली जपाननं त्यांना 'ऑर्डर ऑफ कल्चर' हा मोठा सन्मान दिला.

आमच्या वर्गातल्या त्या मुलाला आता कुणी हसत नाही. उलट, "मी उलट्या बाजूला बसणार," म्हणून भांडणं होतात!

तुम्हीही हा खेळ करून पाहा. आणि एक विचार करून ठेवा, लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर? पेशीकडे खोडरबर असतं का? ते पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई