औषधाची बाटली आणि शास्त्रीय भाषा

गेल्या पंधरवड्यांत आमच्या धाकट्या नातवास ताप आला. डॉक्टरांनीं पॅरासिटामॉलचें पातळ औषध ५ मिलिलिटर देण्यास सांगितलें होतें. घरांतली बाटली संपली म्हणून थोरला नातू दुकानांतून त्याच नांवाची दुसरी घेऊन आला. सूनबाईनें मापांत औषध ओतलें, तोंच मीं संवयीनें चष्मा लावून बाटलीवरचीं अक्षरें वाचलीं व म्हणालों, “थांब, पाजूं नकोस.”

“मामंजी, माप बरोबर पांचाचेंच आहे.”

माप बरोबरच होतें; पण औषध निराळें. जुन्या बाटलींत ५ मिलिलिटरमध्यें १२० मिलिग्रॅम, तर ही तान्ह्या मुलांस थेंबांनीं पाजावयाची, एका मिलिलिटरमध्येंच १०० मिलिग्रॅम! चौपटीहून अधिक औषध लेंकराच्या पोटांत जाणार होतें. सूनबाई पदवीधर आहे. तिला दोष देववत नाहीं. सोबतच्या पत्रकांत चयापचय, यकृत वगैरेंविषयीं जड शब्दांची रेलचेल होती. ‘ही बाटली चमच्यानें देण्याची नव्हे’ एवढें एक वाक्य मात्र मला सांपडलें नाहीं. अशा लेखनास शास्त्रीय म्हणावें काय?

वाचकहो, जन्मभर संस्कृत शिकविलेला मनुष्य कठीण शब्दांचा वैरी कसा असेल? पाणिनीच्या ‘टि’, ‘घु’, ‘भ’ या संज्ञा नवख्यास मंत्राक्षरांसारख्या वाटतात. पण प्रत्येकीचा अर्थ त्यानें बांधून दिला आहे. अष्टाध्यायीचें पहिलेंच सूत्र ‘वृद्धि’ म्हणजे आ, ऐ, औ हे सांगण्यासाठीं आहे. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लीलावती रचिली, तींत उदाहरणांच्या आधीं नाण्यांचें कोष्टक येतें: २० वराटकांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. मग विद्यार्थ्यानें खुशाल हिशेब करावा. ज्याला लेख वाचून काम करावयाचें आहे, त्याचें काम त्यावरून बिनचूक झालें पाहिजे. माझी कसोटी एवढीच.

मिलिग्रॅम काढून ‘चमचाभर’ लिहावें, असेंही मी म्हणणार नाहीं. आमच्याच फडताळांत चार आकारांचे चमचे आहेत!

डॉक्टरांस दूरध्वनि करून विचारलें, तेव्हां या बाटलींतून १.२ मिलिलिटर द्यावें असें ते म्हणाले. बाळ आतां बरें आहे. बाटलीवर मीं ठळक अक्षरांची पट्टी चिकटविली आहे: ‘थेंबांची. जुन्या बाटलीचें माप येथें चालणार नाहीं.’