सहलीला कोणाला न्यावयाचें?

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे मध्यमस्थितींतील घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. कोठें जावयाचें, किती दिवस राहावयाचें, खर्च किती येईल, यावर रात्रीं जेवणें आटोपल्यानंतर तासतास वाद चालतो. एका गोष्टीवर मात्र वाद होत नाहीं, कारण ती कोणी बोलूनच दाखवीत नाहीं. घरांत एखादा पंचेचाळीस वर्षांचा भाऊ असतो, एखादी चाळिशी उलटलेली बहीण असते. कोणाचे पाय जन्मापासून लुळे, कोणाची समज पांचसहा वर्षांच्या मुलाएवढीच राहिलेली. हें माणूस येणार नाहीं असें सर्वांनीं धरूनच चाललेलें असतें. आणि तें येणार नाहीं म्हणजे आईहि येणार नाहीं, हें तर कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

कारण विचारलें तर उत्तर तयार असतें. ‘त्याला त्रास होईल,’ आणि ‘त्याला त्यांतलें काय कळणार?’ पहिलें अर्धें खरें आहे. दुसऱ्याचा अनुभव बहुधा कोणीं घेऊन पाहिलेला नसतो.

मुंबई-पुण्याकडील वाचक म्हणतील कीं, आमच्याकडे करमणुकीचीं मोठमोठीं उद्यानें आहेत, तेथें नेऊं. खोपोलीजवळचें ‘इमॅजिका’ २०१३ सालीं सुरू झालें. परंतु अशा ठिकाणचे वेगवान पाळणे ज्याची मान, पाठ व हाताची पकड भक्कम आहे त्याच्याचसाठीं बांधलेले असतात. इतरांस त्यांवर बसूं देत नाहींत, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनें तें योग्यहि आहे. मग अपंग माणसानें तेथें जाऊन करावयाचें काय? दिवसभर इतरांच्या पिशव्या सांभाळावयाच्या.

या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंत, टेक्सास प्रांतांतील सॅन अँटोनियो शहरीं, एका बापानें शोधलें. गॉर्डन हार्टमन हे पूर्वीं घरें बांधण्याचा व्यवसाय करीत. त्यांची मुलगी मॉर्गन ही शरीरानें व बुद्धीनें अधू. सुटींत एका पोहण्याच्या तलावांत ती इतर मुलांशीं खेळावयास गेली, तों तीं मुलें पाण्यांतून निघून गेलीं. तें पाहिलेल्या हार्टमन यांनीं २०१० सालीं ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हें उद्यान उघडलें. तेथें चाकांच्या खुर्चीसकट बसतां येईल असा झोपाळा आहे, तशीच गोल फिरणारी चक्री आहे, आणि अपंग पाहुण्यांस प्रवेश विनामूल्य आहे. २०१७ सालीं शेजारींच पाण्याचें उद्यान निघालें. विजेची खुर्ची पाण्यांत नेतां येत नाहीं म्हणून तेथें दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या ठेवल्या आहेत.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे असें उद्यान नाहीं. आमची करमणूक म्हणजे जंगल. ताडोबा हें महाराष्ट्रांतील सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान. तें १९५५ सालीं जाहीर झालें, व पुढें अंधारीचें अभयारण्य जोडून तेथें व्याघ्रप्रकल्प झाला. आंत जावयाचें तें बहुधा उघड्या जिप्सी गाडींतून. बरोबर वाटाड्या असतो, आणि ठरलेल्या जागेखेरीज गाडीबाहेर पाय ठेवण्यास सक्त मनाई असते. आमच्या मतें ही मनाईच अपंगांच्या पथ्यावर पडते. चालणारा काय नि न चालणारा काय, दोघांनीहि चार तास बसूनच काढावयाचे. जंगलांत शिरल्यावर गाडींतील सर्व माणसें सारख्याच पायांचीं होतात. निदान वाघ दिसेपर्यंत तरी होतात. त्याविषयीं पुढें येईलच.

आमचे धाकटे बंधु नाना हे ४६ वर्षांचे आहेत. जन्माच्या वेळीं मेंदूस प्राणवायु कमी पडला. उजवा पाय ओढीत, कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून ते घरांतल्या घरांत चालतात. शब्द मोजके आहेत, आंकडे दहापर्यंत येतात, आणि फेफऱ्याची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. गेल्या डिसेंबरांत नाना, आमचे चिरंजीव व आम्ही असे तिघे मोहर्लीस दोन रात्री मुक्कामास गेलों. मातुःश्रींना मुद्दाम घरीं ठेवलें. त्यांचें वय ७९. नानांवांचून त्यांनीं ४६ वर्षांत एकहि रात्र काढलेली नव्हती. निघतांना त्यांनीं नातवास गोळीची वेळ तीनदां सांगितली आणि चौथ्यांदा कागदावर लिहून दिली.

परक्या माणसांची अडचण नको म्हणून आम्हीं सबंध गाडी आपल्यापुरती घेतली होती. जिप्सीची पायरी उंच असते; घरून एक रुंद स्टूल नेला होता तो फार उपयोगी पडला. माणसाला प्रथम स्टुलावर उभें करावें, मग एकानें काखेखालीं व दुसऱ्यानें गुडघ्याखालीं हात घालून वर घ्यावें. मात्र उचलण्यापूर्वीं ‘कोठें धरूं?’ असें त्यालाच विचारावें. आम्ही या खटाटोपांत असतां शेजारच्या गाडींतील एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “यांना काय कळणार हो जंगलातलं?” चिरंजीव म्हणाले, “काकांनाच विचारा ना.” गृहस्थ गप्प राहिले, नानांनींच उत्तर दिलें, “वाघ.”

नानांना आनंद झाला म्हणजे ते मोठ्यानें हुंकार देतात, आणि जंगलांत तर आवाज चालत नाहीं. आम्हांस धास्ती होती ती या एकाच गोष्टीची. आठ दिवस आधींपासून चिरंजीवांनीं घरीं ‘जंगल-जंगल’ हा खेळ मांडला होता: दोन खुर्च्या पुढेंमागें, दिवा मालवलेला, तोंडावर बोट. पहिल्या दिवशीं पांच मिनिटें, मग दहा, मग वीस. प्रत्यक्ष जंगलांत नानांनीं आपण होऊन शालीचें टोंक दांतांत धरलें, तें दरवाज्याबाहेर येईपर्यंत सोडलें नाहीं. बाहेर आल्यावर मात्र असा हुंकार दिला कीं, चहाच्या टपरीजवळ निजलेलीं कुत्रीं उठून उभीं राहिलीं.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळचे म्हणून सांगितले जाणारे उंच दगडी खांब आहेत. त्यांवरून दोर नेऊन घंटा वाजवीत राजाच्या येण्याची वर्दी पुढें पोंचवीत, अशी समजूत आहे. वाटाड्यानें ही हकीकत सांगितली तेव्हां आमचें लक्ष झाडींत होतें. नाना बोटांवर खांब मोजीत होते. दहा झाले कीं पुन्हां एकापासून.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाघीण दिसली. ती रस्त्यावर येतांच पुढच्या गाड्यांतील समस्त मंडळी आसनांवर उभी राहिली. आमचा वाटाड्याहि उठला. बसलेल्या नानांच्या डोळ्यांपुढें नुसत्या पाठी! चिरंजीवांनीं वाटाड्यास बसविलें, चालकास गाडी थोडी तिरपी घ्यावयास खुणेनें सांगितलें, तोंवर वाघीण बांबूच्या रांजींत शिरत होती. नानांच्या वांट्यास तिचें शेपूट आलें. पण तें त्यांनीं पुरतें पाहिलें.

म्हणून जाणाऱ्यांस आमची सूचना अशी कीं, ज्याला उभें राहतां येत नाहीं त्यास चढविण्यास श्रम पडले तरी मागच्या, म्हणजे उंचावरच्या बांकावर बसवावें, आणि या गाडींत कोणी उभें राहणार नाहीं हें आंत शिरण्यापूर्वींच वाटाड्याशीं ठरवून टाकावें. मागच्या बांकावर धक्के अधिक बसतात हेंहि खरें. डाऊन सिंड्रोम असलेल्या कांहीं व्यक्तींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. त्यांना अशा खडबडीत रस्त्यावर नेण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारलेंच पाहिजे. उन्हाळ्यांत वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो म्हणून लोक मे महिन्यांत गर्दी करतात. परंतु आमच्याकडील मे म्हणजे ४५ अंशांच्या वर चढणारा पारा. फेफरें व मनोविकार यांवरील कांहीं औषधांनीं घाम कमी येतो, आणि मणक्यास इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या अंगास बहुधा येतच नाहीं. अशांनीं थंडींतच जावें. वाघ न दिसला तर न दिसला.

आतां एक गोष्ट छापण्यास संकोच वाटतो; पण निम्म्या सहली रद्द होतात त्या तिच्यामुळेंच. मोठ्या माणसाला शौचास कोणीं न्यावयाचें? मूल लहान असतें तेव्हां आई नेते. ४६ वर्षांच्या पुत्रास घेऊन ७९ वर्षांच्या मातेनें स्त्रियांच्या बाजूस जावयाचें कीं पुरुषांच्या? यास्तव पुरुषाबरोबर पुरुष व स्त्रीबरोबर स्त्री सोबतीस असणें अगत्याचें आहे. मुक्कामाची जागा ठरवितांना ‘सोय आहे’ एवढ्या उत्तरावर संतुष्ट राहूं नये. स्नानगृहाचें दार किती रुंद, उंबरा किती उंच, कमोड आहे कीं नाहीं, हें एकेक विचारावें. आम्हांस एका ठिकाणीं ‘सर्व सोय आहे’ असें दूरध्वनीवर सांगण्यांत आलें होतें. पाहतों तों खोलीपुढें पांच पायऱ्या.

ज्यांना गप्प राहणें शक्यच नाहीं त्यांचें काय, असें कोणी विचारील. त्यांच्यासाठीं गडचिरोली जिल्हा आहे. अहेरी तालुक्यांत कमलापूर येथें वनखात्याचा हत्तींचा तळ आहे. भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें, १९७३ सालीं सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पांत, अनाथ वन्यप्राण्यांचा सांभाळ होत आला आहे. रस्ता लांबचा आहे खरा, पण तेथें वाघाच्या वाटेवरचें मौन पाळावें लागत नाहीं.

ताडोब्यास येणारीं पुष्कळ कुटुंबें वाटेंत वरोड्यास उतरून आनंदवनहि पाहतात. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं स्थापिलेल्या महारोगी सेवा समितीचें हें कार्य. तेथील अपंगांच्या हातचें काम पाहून डोळे पुसणारे व आपल्या मुलांस ‘बघा, शिका कांहीं’ असें सांगणारे सभ्य गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांतील एकाचा सख्खा भाऊ त्या दिवशीं घरीं शेजाऱ्यांच्या हवालीं होता, हें आम्हांस ठाऊक होतें. खुद्द बाबांना मणक्याच्या विकारामुळें बसतां येत नसे. उभें तरी राहावयाचें, नाहीं तर आडवें तरी व्हावयाचें. तरीहि १९८५ सालीं कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ यात्रेंत ते गाडींतल्या बिछान्यावर पडून काश्मीरपर्यंत गेले. गाडीलाच माणसाच्या बेताची करून घेतली होती.

कायदा अपंगांच्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें करमणुकींतहि त्यांचा समान वांटा मान्य केला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, अशा सोयींचे नियम नुसते मार्गदर्शक न ठेवतां बंधनकारक करावेत, असें केंद्र सरकारास बजावलें. पायऱ्या हळूहळू कमी होतील. आमच्या मनांत मात्र दुसराच एक कायदा घोळत असतो. मूल १८ वर्षांचें झालें कीं आईबाप त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहींत, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसते. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, मतिमांद्य अगर बहुविकलांगता असलेल्या प्रौढासाठीं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेतां येतो. आईच्या पश्चात् त्या अर्जावर नांव कोणाचें? आमचेंहि वय आतां साठीच्या घरांत आहे. घरांत सर्वांचें बोट चिरंजीवांकडे वळत होतें. पण ज्यानें काकांना एक गोळीहि स्वतःच्या हातानें दिलेली नाहीं, त्याचें नांव कागदावर कसें घालावें?

मोहर्लीच्या दुसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास नाना दचकून उठले आणि ‘आई, आई’ म्हणून हांका मारूं लागले. परकी खोली, बाहेर किर्र रान. चिरंजीवांनीं दिवा लावला, काकांच्या खाटेवर बसून त्यांचा हात आपल्या हातांत घेतला, आणि बोटांवर खांब मोजावयास सुरुवात केली. एक, दोन, तीन. दहा झाले कीं पुन्हां एक. किती वेळां मोजले कोण जाणे. आम्ही जागेच होतों, उठलों नाहीं.

घरीं त्या दोन दिवसांत मातुःश्रींनीं काय केलें, हें शेजारणीकडून कळलें. पहिल्या दिवशीं दुपारीं त्या पांच वाजेपर्यंत झोंपल्या. दुसऱ्या दिवशीं एकट्या महाकालीच्या देवळांत जाऊन आल्या. आम्ही परत येतांच त्यांनीं आधीं गोळ्यांची पट्टी मागून घेतली व उरलेल्या गोळ्या मोजल्या, मग नानांना विचारलें, “काय पाहिलंस रे?”

“शेपूट,” नाना म्हणाले.

अर्जाचे कागद चिरंजीवांनीं स्वतः होऊन मागून घेतले आहेत. गाभ्याचें जंगल १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद असतें. ऑक्टोबरांत तें उघडतांच या वेळीं कोलाऱ्याच्या दरवाज्यानें जावयाचें, असें काका-पुतण्यांचें ठरलें आहे. आम्हांस अद्याप कोणी विचारलेलें नाहीं.