तंबाखूची बढती

माझं स्पष्ट मत आहे की चाळिशी उलटलेल्या माणसाने काही नवीन शिकायचंच असेल तर पोहायला शिकावं, पेटी शिकावी, अगदीच हौस असेल तर मोडी लिपी शिकावी. चिरूट ओढायला शिकू नये. हे मत मी इतके दिवस मुदत ठेवीसारखं स्वतःजवळच ठेवलं होतं. पण हल्ली आमच्या विठ्ठलवाडीतही 'सिगार' हा शब्द कानावर पडू लागल्यामुळे ठेव मुदतीआधीच मोडणं भाग आहे.

विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण सोडून कर्जतकडे निघालं की लागणारं पहिलं स्टेशन. इथला माणूस आजवर तंबाखू मळत आला, बिडी ओढत आला, महागाई भत्ता वाढला की सिगारेटवर गेला. पण वडीलधारं माणूस समोर दिसलं की त्याचा हात आपोआप पाठीमागे जाई. चिरूटवाल्याचं तसं नाही. तो वडीलधाऱ्यांसमोर ओढतो आणि वर त्यांनाच त्यावर व्याख्यान देतो. माझं भांडण आहे ते इथे. बिडी म्हणजे शिपाई, सिगारेट म्हणजे कारकून आणि चिरूट म्हणजे एकदम ब्रँच मॅनेजर! पण अहो, तिन्ही खुर्च्यांत बसलीय ती एकच तंबाखू. नुसता कोट बदलून तिला बढती कसली देता?

नुकतंच प्रमोशन मिळालेले आमचे एक स्नेही या विद्येचे ताजे पदवीधर आहेत. त्यांनी मला पहिला धडा तोंडी दिला. चिरुटाचं बंद टोक दाताने तोडायचं नाही, त्याला खास कातर लागते. पेटवायला लाकडी काडीच हवी, पेट्रोलच्या लायटरचा वास लागतो. ज्योत चिरुटाला टेकवायची नाही, नुसती दाखवायची, नैवेद्यासारखी. मिनिटाला एकच झुरका. राख झटकायची नाही, ती तिच्या सवडीने पडेल. आणि चिरूट ठेवायला खास लाकडाची पेटी हवी. तिच्यात म्हणे सत्तर टक्के आर्द्रता राखावी लागते.

"त्यासाठी पेटी कशाला हो? जुलै महिन्यात आमच्या कपाटात ठेवा. पापडांना विचारा हवं तर!" मी म्हटलं. स्नेही हसले नाहीत. चिरूटवाले सहसा हसत नाहीत, राख पडते.

काडीचंच म्हणाल तर इथून दोन स्टेशनांवर, अंबरनाथला, विमकोचा काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता. त्या काड्यांनी लोकांनी चुली पेटवल्या, कंदील लावले, उदबत्त्या लावल्या, बिड्याही शिलगावल्या. पण काडी कशी दाखवावी याची शिकवणी कुणी लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शिवाय एक बरा चिरूट संपायला तास तरी लागतो. तेवढ्यात फास्ट लोकल कल्याणहून बोरीबंदरला पोचते. विठ्ठलवाडीत सलग तासभर धूर काढत बसायला जागा कुठे आहे? घरात आमची ही बसू देणार नाही, गॅलरीत कपडे वाळतात आणि स्टेशनात कायदा आडवा येतो. २ ऑक्टोबर २००८ ला सार्वजनिक धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले, २०० रुपयांपर्यंत दंडाचे. त्यात बिडी आणि चिरूट असा भेदभाव नाही. बिडीला मॅनेजरच्या बरोबरीचा मान मिळाला तो तेवढाच.

विलायती म्हणून ऐट मिरवावी, तर चिरूट हा शब्द मुळात तमिळ. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. आपल्या त्रिचनापल्लीचे चिरूट साहेबाच्या देशात इतके पोचले होते की १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स त्यांची राख ओळखतो.

ही ऐट काही आजची नाही. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने विजापूरहून तंबाखू आणि एक रत्नजडित नळी अकबरापुढे नेऊन ठेवली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकीम म्हणाला, पुरे. आपल्याकडे कुणी पारखलेली वस्तू नाही ही. असद बेगचा युक्तिवाद असा की फिरंगी काय खुळे आहेत? आमचे स्नेही नेमकं हेच बोलतात, फक्त फारसीत बोलत नाहीत. अकबर थांबला. दरबारी मात्र लागले ओढायला.

आता हकिमाची बाजू. "चिरुटाचा धूर गिळत नाहीत, नुसता तोंडात घोळवतात, म्हणून अपाय नाही," हे नवशिक्याचं लाडकं वाक्य. साफ चूक. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडातल्या तोंडातच रक्तात उतरतं. मुख्य दरवाजा बंद असला तरी खिडकीतून व्यवहार चालूच! एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरला धूर न गिळणाराही पात्र ठरतो.

हे सांगितलं की लगेच चर्चिल काढतात. नव्वद वर्षं जगला ना! हो, जगला. पण लॉटरीच्या जाहिरातीत फोटो बक्षीस लागलेल्याचाच छापतात. अमेरिकेचा अध्यक्ष ग्रँट चिरूट ओढायचा, तो १८८५ साली घशाच्या कॅन्सरने गेला. फ्रॉइडला १९२३ साली तोंडाचा कॅन्सर निघाला. तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, जबड्यात कृत्रिम तुकडा बसवला, तरी चिरूट सुटेना. जगाच्या मनाचे पीळ सोडवणाऱ्या माणसाची ही गत, तिथे आमच्या स्नेह्यांचं काय घेऊन बसलात?

आणि प्रतिष्ठेचं म्हणाल, तर तंबाखू पिकवणाऱ्याच्या वाट्याला ती कधी आली? १९८१ साली निपाणीचे शेतकरी शरद जोशींबरोबर महामार्गावर बसले, ते तंबाखूला भाव मिळावा म्हणून. त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. पिकवणाऱ्याला गोळी, वळणाऱ्या बायकांना खोकला आणि ओढणाऱ्याला रुबाब, हा हिशेब माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला जुळवता येत नाही.

रुबाब हवा असेल तर इस्त्रीचा शर्ट घालावा, उसने घेतलेले पैसे वेळेवर परत करावेत. त्यानेही लोक वळून बघतात, दुसऱ्याने तर जास्तच. आणि दुबईहून येणारा भाचा "मामा, सिगार आणू का?" असं विचारू लागला, तर त्याला ठणकावून सांगावं, "बाळा, खजूर आण."